पूर्वेकडचं बांडगूळ

२० मार्च २०२२

नागेश,

पत्रात पयला आशीर्वाद लिवायची पद्धत हाय. मला त्यो लिवायला जमायचा न्हाई, तवा सरळ कामाचं लिवते.

तुला फोन केला की आतली बाई बोलती, नंबर लागत न्हाई म्हणून. टेम्पोवाल्या तुकारामाच्या फोनवरनं केला तर पयल्या झटक्यात लागला. म्हंजे माझा नंबर बंद करून ठेवलायस. बरं झालं. फोनवर तू मधीच तोडतोस. कागुद फाडशील, पण फाडायच्या आदी वाचशील. अक्कानं काय शिव्या घातल्यात ते कळल्याबिगर तुला झोप लागायची न्हाई, मी काय आज वळकते तुला?

तर काम असं हाय. अंगणातल्या मिडीच्या आंब्याला, ज्याच्या बारक्या कोवळ्या कैऱ्या तू लोणच्याला नेतोस त्याला, बांडगूळ लागलंय. तुझ्या बाजूला, पूर्वेकडच्या मोठ्या फांदीवर. दोन झुडपं चांगली पोसल्यात, बाकीची अजून बारकी. आत्ताच कापून काढलं तर झाड वाचंल. ऱ्हायलं तर फांदीतला सगळा रस त्येच पिणार आन फांदी शेंड्याकडनं वाळत येणार.

माझ्या हातात कोयता हाय, शिडी हाय, पण मी कापू शकत न्हाई. तुला आठवत असंल. बाबा गेल्यावर मी हक्कसोडीवर सही केली न्हाई म्हणून तू पंच बसवलास. शेत वाटलं, घर आई हाय तवर माझ्याकडं ऱ्हायलं. झाडाचं काय करायचं म्हणून पंच डोकं खाजवायला लागले, तर तूच म्हणालास, बुंधा दोघांचा, बेचक्याच्या वर पूर्वेकडचं माझं, पश्चिमेकडचं अक्काचं. एकमेकाच्या फांदीला लोखंड लावायचं न्हाई. देवळात नारळावर हात ठेवून बोललोय दोघंबी. तुझी मिडी तुझी माणसं येऊन उतरवून नेत्यात, माझी मी उतरवते. आजपातुर तुझ्या डहाळीला मी नख लावलेलं न्हाई.

तवा तू ये आन काप. न्हाईतर तोंडानं एकदा 'काप' म्हण, मी कापते.

आईचे दोन्ही डोळे गेले. उजेड आन अंधार, एवढंच कळतं तिला. सकाळी ओट्यावर बसवते, तोंड झाडाकडं करून. वाटेवर गाडी वाजली की मान वर करती. "नागेश आला काय गं?" मी म्हणते, "न्हाई, दुधाची गाडी." हे रोजचं हाय.

तुझ्या लोणच्याची बाटली तुकारामानं बेळगावास्नं आणून दाखवली. 'इंदुबाई मिडी लोणचे' असं आईचंच नाव, आन वर तिचा फोटो. बाबा गेल्यात हे इसरलास काय रे? फोटोत कपाळावर एवढं ठसठशीत कुंकू! कुणाकडनं काढून घेतलंस ते? मी बाटली आईच्या हातात दिली. तिनं बोटं फिरवली आन म्हणाली, लई गुळगुळीत हाय, कुणाची गं? मी म्हटलं, कुणाची का असंना, तुला आता लोणचं चालत न्हाई.

झाडाचं लगेच कळव.

शांती


८ जून २०२२

नागेश,

निरोप मिळाला. बिचारा तुकाराम टेम्पोतनं उतरला तो खाली मान घालून. म्हणाला, "अक्का, मी सांगतोय म्हणून माझ्यावर रागावू नको. त्यो म्हणतोय, माझ्या फांदीला कोयता लावलास तर कोर्टात उभी करीन." आन पुढं म्हणालास म्हणं, माझी बाजू हिरवीगार झाली म्हणून अक्काच्या पोटात दुखायलंय.

फोटो बघून बोललास न्हवं? तुकारामानंच काढून धाडला हुता. सगळं झाड उन्हानं मरगळलेलं आन तुझी बाजू जाड तुकतुकीत पानांनी गच्च, वर तांबूस फुलं. तुला वाटलं, बघा, आपलं झाड कसं पोसलंय. अरे खुळ्या, ते झाडाचं हिरवं न्हवं, बांडगुळाचं हिरवं हाय! शेतकऱ्याच्या पोटी जन्म घेऊन तुला आंब्याचं पान वळखंना? मी पदर तोंडाला लावून हसले. आई म्हणाली, काय झालं गं? मी म्हटलं, तुझा लेक लई हुशार झालाय.

आता दुसरं ऐक. पडवीतल्या खोलीत धारवाडची एक पोरगी ऱ्हायली हाय, मयूरी म्हणून. कॉलेजाचा अभ्यास हाय तिचा, कुठला पक्षी कुठलं फळ खातो आन का खातो. रानात जाळी लावती, पक्षी धरती, चोचीची रुंदी मोजती आन सोडून देती. फळंबी मोजती. पयल्यांदा मला हसू आलं. पण रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून सांगायला लागली तसं मला त्यात गोडी वाटायला लागली.

ती म्हणती, चोच जेवढी उघडती तेवढंच फळ पक्ष्याच्या वाट्याला येतं. धनेशाचा घसा मोठा, त्यो जायफळाएवढं बी अख्खं गिळतो आन लांब जाऊन ओकतो. म्हणून मोठ्या बियांची झाडं त्याच्या जिवावर जगत्यात. मला तुझीच आठवण झाली. तूबी अख्खं गिळतोस आन लांब जातोस. फरक एवढाच की धनेश मागं काय तरी रुजवून जातो.

बांडगुळाचं फळ मात्र बारकं, आतलं बी डिंकासारखं चिकट. ते खायला अंगठ्याएवढा एक राखी पक्षी येतो. मयूरी त्याला फुलटोच्या म्हणती. दुसऱ्या मोठ्या पक्ष्यानं खाल्लं तर उडता उडता टाकतो, बी भुईवर पडतं आन मरतं. ह्या बारक्याला तसं जमत न्हाई. बी मागं चिकटून ऱ्हातं, सुटत न्हाई, मग त्यो फांदीवर बसून बूड पुसतो. पुसलं की बी बरोबर फांदीला चिकटलं! तितंच रुजतं. मयूरी म्हणती, ह्या फळाचं आन ह्या पक्ष्याचं माप एकमेकाला बसलंय, म्हणून हे चालतंय.

तर तुझा हुकूम डोक्यावर. तुझ्या फांदीला लोखंड लागायचं न्हाई. माझ्या बाजूला बांडगुळाचं एक पान दिसलं की मी खरडून काढीन, आन तुझ्याकडं बघत बसीन.

आईनं तुझा निरोप इचारला. तू तिच्याबद्दल एक अक्षरबी बोलला न्हवतास. मी तसंच सांगितलं. लपवून कशाला ठेवू? तिनं भाताचं ताट बाजूला सरकवलं. मला वाईट वाटलं न्हाई, राग आला. जो सांभाळतो त्याच्या हातचं जेवण सरकवायचं आन जो इचारत न्हाई त्याच्यासाठी उपाशी ऱ्हायचं!

शांती


२ मे २०२३

नागेश,

औंदा तुझ्या माणसांनी मिडी कमी उतरवली म्हणून तू तुकारामावर वरडलास म्हणं. त्याच्यावर कशाला वरडतोस? त्यो काय झाडाला धरून बसलाय?

बांडगुळाची फळं पिकल्यात आत्ता. दिसायला देखणी. बोटात धरून दाबलं की बी पुचकन भाईर येतं. एवढं चिकट की हाताला लागलं तर साबणानं जात न्हाई, राखेनं घासावं लागतं. काल आईचं तोंड धुवायला गेले तर म्हणाली, "तुझ्या बोटांना काय लागलंय गं? फणस कापलास?" मी म्हटलं, व्हय.

परसात एक लांब चिवा पडला हुता, वेळू रे, फणस पाडायचा. त्याच्या टोकाला चिंधी बांधली. कशाला बांधली ते इचारू नको. वेळूत लोखंड नसतं, चिंधीतबी नसतं. नारळावर हात ठेवून जे बोललो त्यातला शब्द मी मोडलेला न्हाई.

मयूरी परवा झाडाखाली उभी ऱ्हाऊन वर बघत हुती. म्हणाली, "अक्का, ह्या फुलटोच्यानं पूर्वेकडच्या फांदीवर बिया अशा वळीनं कशा काय पुसल्या? आन पश्चिमेकडं एकबी न्हाई." मी म्हटलं, शाणा पक्षी असंल, त्याला वाटणी म्हाईत हाय. ती हसली न्हाई. माझ्या हाताकडं बघितलं तिनं. मग आत गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, दिग्गीच्या रानाकडं काम हाय, तितंच ऱ्हायचं बघते. जाताना आईच्या पाया पडली, माझ्या न्हाई. जाऊंदे. शिकली ती, शिकवून गेली.

तू म्हणशील, अक्काच्या जिवात काय किडे पडल्यात काय? पडल्यात. तूच घातलेस. ज्या दिवशी तू आईला न भेटता शेताच्या बांधावरनं परत गेलास त्या दिवशी पडले. तुझी पांढरी गाडी मी बघितली हुती. आईलाबी आवाज कळला हुता. तिनं मला केस इंचरायला लावले आन बसून ऱ्हायली. दिवेलागणीला म्हणाली, "दुधाची गाडी असंल." माझंच वाक्य मला ऐकवलं तिनं.

शांती


११ मार्च २०२५

नागेश,

औंदा तुझी बाजू वांझ गेली. मोहर आला न्हाई, मिडी कुठली येणार? तुझी माणसं पोती घेऊन आली आन पोती घेऊन गेली. शेंडे वाळून काळे पडल्यात. मधी मधी बांडगूळ तेवढं मस्त हिरवं. आता फोटो काढून धाडू काय?

आता उघड लिवते. मी लावलंय ते. पक्ष्यानं थोडं लावलं, बाकीचं मी. दोन उन्हाळं बिया चिंधीला चिकटवल्या आन तुझ्या फांदीला पुसल्या. पंचांस्नी सांग, कोर्टात सांग. त्यांनी इचारलं तर बांडगुळाचं फळ दाबून दाखवीन, त्यांचीबी बोटं चिकटू देत.

का लावलं? तुझं लोणचं बुडावं म्हणून? तेबी हाय, खोटं कशाला बोलू. तुझ्या बाटलीवर आईचं तोंड आन घरात तिला सांभाळायला मी, ह्याचा मला लई राग हाय. पण खरं कारण दुसरं हाय. आईसाठी तू येत न्हाईस. तिचं अंग दुखलं, ताप आला, न्हाणीत पडली, सगळं तुकारामाकडनं कळवलं, आला न्हाईस. मग मी म्हटलं, झाडासाठी तरी येतो काय बघू. धनेशाला पिकलेलं फळ लागतं, तुला आपला माल लागतो. तुझा माल वाळायला लागला की तू धावत येशील, आन आलास की ओट्यावर आई बसल्याली असंल. चुकवून जाशील तरी कसा, झाड ओट्यापुढंच हाय.

पण मला एक कळलं न्हवतं. पक्ष्याला वाटणी म्हाईत नसती. तुझ्याकडचं फळ खातो आन माझ्याकडं येऊन पुसतो. मी खरडते, परत येतं. माझ्या फांद्या कोयत्यानं जखमा जखमा झाल्यात. आन बुंधा तर एकच. तिकडं रस गेला की इकडं कमी पडतो. माझीबी मिडी औंदा घरच्या एका बरणीपुरती झाली न्हाई.

आई आता लई बारीक झाली. उचलली तर भाताची पेंढी उचलल्यागत वाटतं. बोलणं चांगलं हाय, कान तिखट हायत. तू ये. शिव्या घाल, मला मार, पण ओट्यावर पाच मिण्टं बस. तिला फक्त 'आई' म्हण. मग झाडाचं काय करायचं ते कर.

हे लिवताना मला रडू आलं. ते तुझ्यासाठी न्हाई.

शांती


३० मे २०२५

नागेश,

आलास. मंगळवारी आलास.

वाटेवर गाडी वाजली तवा मी चुलीपुढं हुते. आईनं मान वर केली. मी दारात येऊन बघितलं तर तू, आन मागनं टेम्पोत यंत्राची करवत घेऊन एक माणूस. तू गाडीतनं उतरलास. ओटा चार पावलांवर. मी म्हटलं, जितली मी. तीन वर्षं लागली पण आणला ओढून.

आन तू झाडाकडं वळलास.

तुला वाटत असंल, अक्का बोलली का न्हाई? म्हणून सांगते. तू आदी झाडाकडं गेलास म्हणून. दोन पावलं ओट्याकडं टाकली असतीस तर मी तुझे हात धरून आत नेला असता. मागचं सगळं पोटात घातलं असतं, आईची शप्पथ. पण तू बेचक्याला हात लावलास, वर बघितलंस आन त्या माणसाला खूण केलीस. त्या घटकेला माझ्या मनात जे काय हुतं ते मेलं.

करवत सुरू झाली तशी आई दचकली. "कोण गं?"

मी म्हटलं, "गडी आल्यात. पूर्वेकडची बाजू तोडायला."

"नागेशनं सांगितलंय?"

"व्हय."

"मग त्येला म्हाईत असंल काय ते," म्हणाली. थोडा वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, "ऊन किती हाय. गड्यास्नी गूळपाणी दिलंस काय?" मी दारातनं हालले न्हाई. तशी आपणच भिंत धरत आत गेली. माठातलं पाणी तांब्यात घेतलं. गुळाचा डबा तिला हाताला लागतो. मी धरलं न्हाई तिला. पायरी उतरतानाबी धरलं न्हाई. तू बघत हुतास, मीबी बघत हुते. दोघांतलं कोण आदी पुढं हुतंय, असं चाललं हुतं आपलं. कोणच झालं न्हाई. ती एकटीच उतरली.

करवतवाला तेल घालायला थांबला हुता, म्हणून अंगणात सगळं गप हुतं. ती तेलाच्या वासावर चालत आली आन तुझ्यापुढं येऊन थांबली. तांब्या पुढं केला. तू घेतलास. तांब्या देताना तिची बोटं तुझ्या हातावर पडली. म्हणाली, "घट्टे न्हाईत हाताला. नवा दिसतोस गा ह्या कामात." तू पाणी पिलास. घटाघटा पिलास, मला आवाज आला. गूळ खाल्लास. ती म्हणाली, "सावकाश काप गा. माझ्या लेकाची फांदी हाय." मग इचारलं, "नाव काय तुझं, बाळ?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी सांगीन ह्याची तुला भीती हुती का आशा, ते मला कळलं न्हाई. मी पदर खोचला आन दाराला टेकून उभी ऱ्हायले. तुझं तोंड थोडं उघडलं, मग मिटलं. तू तांब्या तिच्या हातात दिलास आन करवतवाल्याला हातानं सांगितलंस, चालू कर.

फांदी पडली तवा घराची कौलं हालली. तू लाकडं भरून न्यायचं बोललास, तेबी करवतवाल्याच्या तोंडानं. मी म्हटलं, न्या, तुमचीच हायत. सगळी कुठं मावणार हुती टेम्पोत, अर्धी अंगणात पडून हायत. बांडगूळ अजून सुकलेलं न्हाई, फळं तशीच लाल हायत. फुलटोचे येत्यात, पडलेल्या फांदीवर बसून खात्यात आन माझ्या उरलेल्या बाजूवर जाऊन पुसत्यात. मी कोयता काढलाच न्हाई. मला आता ते झाड नको हाय.

तुला घरी जाऊन बायकोला सांगता आलं असंल, अक्का कसली दुष्ट हाय. सांग. खरं हाय. तू आईला परका गडी झालास आन मी तुला होऊ दिलं. आपण दोघांनी मिळून केलं ते, वाटणीत अर्धं अर्धं.

तुझी गाडी गेल्यावर मी आईला ओट्यावर बसवली. झाडाकडनं वारा यायला लागला हुता, पयला कधी येत न्हवता तिकडनं. तिनं त्या बाजूला तोंड केलं. मग म्हणाली, "त्यो पाणी पिलेला गडी मुका हुता काय गं?"

मी म्हटलं, "व्हय."

"बिचारा," म्हणाली. "त्येच्या आईला किती वाईट वाटत असंल."